सायकलीवरचे ओझे

मंडळी, सायकल ही काही आपल्याला नवी चीज नाही. डेअरीला दूध घालायचे असो, की गिरणीवर दळण न्यायचे असो, आपण सायकल काढतो. पाठीमागे पोते बांधतो, पुढे किटली अडकवतो आणि निघतो. चार-दोन किलोमीटरचा मामला. वाटेत काही पडले, तर उतरून उचलतो. काही विसरले, तर पोरगा मागून पळत आणून देतो.

पण हीच सायकल घेऊन चार दिवस मुलूख पाहायला निघायचे म्हटले तर? खरिपाचे धान्य घरात आले आहे. रब्बीची पेरणी उरकली आहे. हवा थंड, रस्ते कोरडे. अशा वेळी चार सोबती मिळून देवदर्शनाला जावे, समुद्र पाहावा, एखादा किल्ला पाहावा, असे कुणाच्याही मनात येते. एस.टी.ने गेले तर गाव दिसते. सायकलीने गेले तर वाट दिसते.

मात्र अशा वेळी पहिला प्रश्न पडतो तो हा, की बरोबर काय घ्यावे? आणि घेतलेले कसे बांधावे? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे आम्ही आज सांगणार आहोत. ती आम्ही पुस्तकात वाचलेली नाहीत. आम्ही ती चूक करून शिकलो. चूक आमची होती, आणि तिची किंमत दुसऱ्याने मोजली. म्हणून आधी ती हकीकत ऐका.

आमची पहिली सफर

ही गोष्ट १९८३ सालची. आम्ही तेव्हा शाळेत नवखे शिक्षक होतो. आमचे गाव कराडजवळ. दिवाळीच्या सुटीत आम्ही चौघांनी बेत केला, की कोयनेच्या काठाने पाटणवरून कोयनानगरला जायचे. तेथून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, आणि चिपळूणहून गुहागर. चौघांपैकी एकानेही समुद्र पाहिला नव्हता.

चौघांत सर्वांत लहान होता आमच्या आळीतला सुताराचा मुलगा. वय एकोणीस. सायकल चालवण्यात मात्र तो आम्हा सर्वांचा गुरू होता.

आम्ही सामान बांधले ते बिऱ्हाड हलवल्यासारखे. गादी, जाड वाकळ, चार जोड कपडे, पितळी तांब्या, डबाभर लाडू, जादा बूट. शिक्षक पडलो, म्हणून दोन जाड पुस्तके. कॅरिअरवर हा डोंगर सुंभाने बांधला. तरी एक पिशवी उरली. तिच्यात तांब्या, बूट आणि पुस्तके होती. आम्ही ती त्या मुलाच्या हँडलला अडकवली. म्हटले, "तुझी सायकल रिकामीच आहे. एवढी घे."

तो म्हणाला, "असू द्या, गुरुजी. हलकीच हाय."

पिशवी हलकी नव्हती. पण गुरुजींना नाही कसे म्हणणार?

कोयनानगरपर्यंत सारे ठीक झाले. दुसऱ्या दिवशी कुंभार्ली घाटाचा उतार लागला. एका वळणावर ती पिशवी झोका खाऊन पुढच्या चाकाकडे गेली. तिचा बंद चाकाच्या तारांत अडकला. धावते चाक जागच्या जागी थांबले. सायकल थांबली, पण वरचा माणूस थांबला नाही. तो हँडलवरून पुढे फेकला गेला. दैव बलवत्तर, म्हणून तो डोंगराच्या बाजूला पडला. दुसऱ्या बाजूला दरी होती.

उजवा कोपर मोडला होता. एका ट्रकवाल्याने त्याला चिपळूणला दवाखान्यात पोचवले. तिसऱ्या दिवशी सायकली एस.टी.च्या टपावर टाकून आम्ही घरी परतलो. समुद्र राहिलाच. हाड जुळले, पण कोपर पुढे कधी पुरता सरळ झाला नाही. सुताराचा हात तो. रंधा मारताना त्याला आजही अंग वाकडे करावे लागते.

घरी आल्यावर आम्ही आमचे सामान दुकानातल्या तराजूवर घातले. त्या पिशवीसकट बावीस किलो भरले. त्यातले निम्मे आम्ही वाटेत सोडलेसुद्धा नव्हते. ज्या तांब्यापायी एका पोराचा हात गेला, त्या तांब्याने आम्ही घोटभर पाणीही प्यालो नव्हतो.

ओझे सायकलीला काय करते?

ओझ्याने सायकल जड होते, एवढेच आपल्याला ठाऊक असते. पण ओझे आणखी तीन गोष्टी करते. त्या समजून घ्या.

पहिली गोष्ट. ओझे उंचावर असले, की सायकल डुलते. डोक्यावर घागर घेऊन चालणारी बाई मान किती सांभाळते पाहा. तीच घागर कमरेवर घेतली, की तिला चालणे सोपे जाते. सायकलीचेही तसेच आहे. वजन जितके खाली, तितकी सायकल स्थिर.

दुसरी गोष्ट. हँडलवर ओझे असले, की सायकल वळवणे कठीण जाते. पिशवी डावीकडे झुकली, की हँडल डावीकडे ओढले जाते. शिवाय पिशवी लोंबती असली, तर ती चाकात जाण्याची भीती. आमचे हेच झाले.

तिसरी गोष्ट. ओझ्याची सायकल लवकर थांबत नाही. रिकामी बैलगाडी आणि उसाने भरलेली बैलगाडी उतारावर थांबवून पाहा, म्हणजे कळेल. म्हणून ओझे असताना ब्रेक थोडा आधी लावावा लागतो. लांब उतारावर ब्रेक सारखा दाबून धरू नये. ब्रेकचे रबर आणि चाकाची कड घासून तापतात, आणि पकड कमी होते. उतारावर सुरुवातीपासूनच वेग कमी ठेवावा. ब्रेक दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा. मध्ये थांबून चाक निवू द्यावे. कड पावसाने ओली झाली असेल, तर ब्रेक आणखी उशिरा लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

थोडक्यात काय, तर आधी ओझे कमी करावे. मग उरलेले खाली आणि घट्ट बांधावे.

तीन ढीग करा

निघण्याच्या आठ दिवस आधी सारे सामान अंगणात किंवा ओसरीवर मांडा. मग त्याचे तीन ढीग करा.

पहिल्या ढिगात अशा वस्तू, की ज्यांच्यावाचून अडेल. उदाहरणार्थ पंप, पाण्याची बाटली, पांघरूण, रोजचे औषध.

दुसऱ्या ढिगात अशा वस्तू, की असल्या तर बऱ्या. उदाहरणार्थ तिसरा शर्ट, जादा बूट, मोठा आरसा.

तिसऱ्या ढिगात "लागलेच तर" म्हणून घेतलेल्या वस्तू.

आता तिसरा ढीग सरळ घरात ठेवून द्या. दुसऱ्या ढिगातली प्रत्येक वस्तू हातात घ्या आणि विचारा, ही वाटेतल्या गावात मिळेल का? साबण, काडेपेटी, बिस्किटे, केळी कोठेही मिळतात. मिळणारी वस्तू पाठीवर कशाला वाहायची? ह्या ढिगातले फार तर एक-दोन जिन्नस घ्या.

थोडक्या सामानात माणूस किती दूर जातो, ते पाहायचे आहे? १८८४ साली टॉमस स्टीव्हन्स नावाचा गृहस्थ अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलीवर निघाला. समुद्र आला तेथे जहाज, जमीन आली तेथे सायकल, असे करत १८८६ च्या डिसेंबरात तो जपानात योकोहामाला पोचला. वाटेत तो आपल्या देशातूनही गेला. निघताना त्याच्याजवळ काय होते? मोजे, एक जादा शर्ट, एक पावसाचा कोट आणि एक लहान पिस्तूल. कोटच त्याचा तंबू आणि कोटच त्याचे अंथरूण. पिस्तूल काही आपल्याला नको. त्याची जागा आपण पंपाला द्यावी.

आपल्याकडचेही उदाहरण आहे. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे प्रदक्षिणा पुरी करून १९२८ च्या मार्चमध्ये परत आले. साडेचार वर्षांचा शिधा आणि कपडा कुणालाच सायकलीवर नेता येत नाही. लागेल तसे वाटेत मिळवावे लागते. त्यांनी जग पाहिले. आपल्याला तर चारच दिवस जायचे आहे.

कपडे किती आणि कोणते?

कपड्यांचा हिशोब सोपा आहे. एक जोड अंगावर, एक जोड पिशवीत. संध्याकाळी मुक्कामाला पोचलात, की अंगावरचा जोड धुऊन वाळत घाला आणि पिशवीतला घाला. चार दिवसांची सफर असो की दहा दिवसांची, दोन जोड पुरतात. आतले कपडे मात्र तीन घ्यावेत.

कापड कोणते असावे? सुती कापड अंगाला गार वाटते, पण घाम पिऊन ओलेच राहते. रात्री धुतले तर थंडीत सकाळपर्यंत वाळत नाही. पातळ टेरिकॉटसारखे मिश्र कापड लवकर वाळते. म्हणून सायकलीवर असे कापड बरे. झोपताना सुती घालावे.

रंग भडक असावा. पिवळा, नारिंगी किंवा पांढरा. हौस म्हणून नव्हे, तर मागून येणाऱ्या मोटारवाल्याला आपण दुरून दिसावे म्हणून. आज रस्त्यांवर मोटारी किती वाढल्या आहेत, ते सांगायला नकोच.

सैल लोंबते कपडे सायकलीचे वैरी आहेत. धोतराचा सोगा, पायजम्याचा पायघोळ, मफलरचे टोक, ओढणी, पदर, ह्यांतले काहीही साखळीत किंवा चाकात जाऊ शकते. पायजम्याला उजव्या पायाशी चिमटा लावावा किंवा नाडीने बांधावा. मफलरची टोके सदऱ्याच्या आत खोचावीत. आमच्या बहिणींनी ओढणी मागे नेऊन कमरेला गाठ मारावी. नऊवारीचा घट्ट कासोटा असेल, तर सायकलीवर त्याची अडचण होत नाही. गोल पाचवारी मात्र नको.

सकाळची थंडी झोंबते. त्यासाठी चार गरम कपडे नकोत. एकावर एक असे घालावे, की ऊन वाढेल तसे काढता येतील. बनियन, त्यावर शर्ट, त्यावर एक स्वेटर. वारा छातीला लागत असेल, तर शर्टाच्या आत वर्तमानपत्राची घडी घालावी. कागद वारा अडवतो. ऊन झाले, की कागद काढून पिशवीत ठेवावा. पंक्चर काढताना खाली अंथरायला तोच उपयोगी पडतो. वाचून झालेल्या वर्तमानपत्राला एवढे काम पुष्कळ झाले.

आता एक नाजूक गोष्ट. ती कुणी उघड बोलत नाही, आणि मग दुसऱ्या दिवशी सायकलीवर बसवत नाही. दिवसभर सीटवर बसून मांड्यांना आणि बुडाला काचते. कपड्याची जाड शिवण नेमकी सीटवर येत असेल, तर कातडी सोलवटते. म्हणून आतली चड्डी मऊ आणि बारीक शिवणीची घ्यावी. ती रोज धुतलेली आणि खडखडीत वाळलेली असावी. घासते त्या जागी निघण्यापूर्वी थोडे व्हॅसलीन किंवा खोबरेल लावावे. ह्यात लाजण्यासारखे काही नाही.

डोक्याला हेल्मेट घालावे. ते भारी नसले तरी चालेल, पण मापाचे असावे आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला असावा. आमच्या वेळी हे कुणी घालत नसे. म्हणून काही आमची डोकी कठीण नव्हती.

पायांत कापडी बूट बरे. चप्पल पॅडलवरून घसरते. मुक्कामासाठी एक हलकी रबरी चप्पल पिशवीत असू द्यावी.

सायकलीची हत्यारे

गावात सायकल बिघडली, तर कोपऱ्यावर दुकान असते. घाटात दुकान नसते. म्हणून पुढील वस्तू बरोबर असाव्यात.

हवा भरायचा पंप. एक जादा ट्यूब. पंक्चरचे सामान, म्हणजे सोल्युशन, रबराचे तुकडे आणि काचकागद. टायर काढायच्या दोन पट्ट्या. आपल्या सायकलीच्या नटांना बसेल असा पाना. एक स्क्रू ड्रायव्हर. ब्रेकचे जादा रबर. तेलाची लहान बाटली, चिंधी आणि हातभर तार.

सामान नेणे वेगळे आणि ते वापरता येणे वेगळे. म्हणून निघण्यापूर्वी एकदा घरीच पंक्चर काढून पाहा. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली, की भोकातून बुडबुडे येतात. ती जागा पुसून, वाळवून काचकागदाने घासावी. मग सोल्युशन लावावे. पुष्कळ लोक येथे घाई करतात. सोल्युशन ओले असतानाच तुकडा चिकटवतात आणि मग तो सुटतो. सोल्युशनची ओल जाऊन ते थोडे कोरडे झाले, की मग तुकडा दाबून बसवावा. शेवटी टायरच्या आतून हलकेच बोट फिरवावे. काटा किंवा खिळा तेथेच राहिला असेल, तर नवे पंक्चर ठेवलेलेच.

ओझे बांधल्यावर मागच्या चाकात हवा नेहमीपेक्षा जरा कडक असावी. हवा कमी असली, तर खड्ड्यात ट्यूब दबून फाटते.

पाणी, खाणे, औषध

पाण्याच्या दोन बाटल्या घ्याव्यात. लिटरभर पाण्याचे वजन एक किलो. म्हणून चार-पाच बाटल्या वाहू नयेत. गाव येईल तेथे स्वच्छ पाणी भरून घ्यावे. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे प्यावे.

खाण्यासाठी गूळ-शेंगदाणे, दशम्या, सुकी चटणी. ह्या वस्तू लवकर नासत नाहीत आणि अंगात बळ देतात. एका वेळी पोट भरून खाल्ले, तर चढावर जीव जड होतो. थोडे थोडे पण वारंवार खावे.

ऊन लागले, जुलाब झाले, तर अंगातले पाणी आणि मीठ कमी होते. त्यासाठी औषधाच्या दुकानात जलसंजीवनीची पुडी मिळते. दोन पुड्या जवळ ठेवाव्यात. पुडी नसली, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. माप चुकवू नये. मीठ जास्त झाले तर अपाय होतो.

जखमेसाठी स्वच्छ पट्टी, कापूस आणि जंतुनाशक मलम ठेवावे. ज्याला रोजचे औषध चालू आहे, त्याने ते दोन दिवस जादाचे घ्यावे.

पैसे एका जागी ठेवू नयेत. थोडे खिशात, थोडे पिशवीच्या तळाशी. आधार कार्डाची नक्कल जवळ असावी. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा. पण मोबाइलची बॅटरी संपते. म्हणून घरचा नंबर आणि आपले नाव एका कागदावर स्वतःच्या हाताने लिहून खिशात ठेवावे. आता आपल्याला लिहिता येते. त्या विद्येचा हा उपयोग लहान नाही. अपघात झाला, तर १०८ नंबरवर रुग्णवाहिका मागवता येते, आणि ११२ नंबरवर पोलिसांची मदत मिळते. हे दोन नंबरही त्याच कागदावर लिहावेत.

बांधावे कसे?

पूर्वी घोड्यावरून जाणारे लोक पडशी वापरत. पडशी म्हणजे दोन तोंडांची झोळी. एक तोंड घोड्याच्या एका अंगाला, दुसरे दुसऱ्या अंगाला. सायकलीला हीच पडशी उत्तम. ती कॅरिअरवर टाकावी, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन बाजूंना ओझे सारखे बसते आणि खालीही राहते. बाजारात अशा पिशव्या तयार मिळतात. नाहीतर जाड ताडपत्रीची शिंप्याकडून शिवून घ्यावी. चाकाकडची बाजू कडक असावी. आत पुठ्ठा किंवा पातळ फळी घालावी, म्हणजे पिशवी चाकाच्या तारांत जात नाही. पिशवी जास्त पुढेही नको, नाहीतर पॅडल मारताना टाच लागते.

भरताना जड वस्तू तळाशी ठेवाव्यात. हत्यारे एका बाजूला, तर खाण्याचे दुसऱ्या बाजूला, असे वजन सारखे करावे. दोन्ही बाजू हातांनी उचलून पाहाव्यात. तेलाची बाटली वेगळ्या पिशवीत गुंडाळावी. स्वेटर, पावसाचा कागद आणि पट्टी-मलम सर्वांत वर असावे. ज्या वस्तूची घाईने गरज लागते, ती तळाशी गेली तर काय उपयोग?

कपडे आणि पांघरूण आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे, तोंड पिळून बांधावे आणि मग पडशीत ठेवावे. कार्तिकातही अवकाळी पाऊस गाठतो, आणि घाटात पहाटेचे दव असे पडते, की उघडे कापड भिजून जाते. दिवसभर भिजले तरी माणूस निभावतो. रात्री अंग पुसून कोरडा कपडा मिळाला पाहिजे, म्हणजे झाले.

कॅरिअरवर वर फक्त हलकी वळकटी बांधावी. सुंभ ढिला पडतो. त्याऐवजी जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापाव्यात. त्या ताणून बांधल्या, की खड्ड्यातही ढिल्या होत नाहीत. उरलेली टोके लोंबू देऊ नयेत. ती आत खोचावीत.

आणि हँडलला काहीही अडकवू नये. किटली नाही, पिशवी नाही, जेवणाचा डबासुद्धा नाही.

सारे बांधून झाले, की सायकल उचलून दोनदा जमिनीवर आपटा. काही खडखडले, तर ते ढिले आहे. मग ओझ्यासकट वेशीपर्यंत एक फेरी मारून या. दोन्ही ब्रेक लावून पाहा, वळून पाहा. जे निघायचे ते गावात निघू द्या, घाटात नको.

दुसरी सफर

दोन वर्षांनी, १९८५ च्या दिवाळीनंतर, तोच सुताराचा मुलगा एका संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसला. म्हणाला, "गुरुजी, समुद्र राहिलाच की."

आम्हांला काय बोलावे ते सुचेना. आम्ही म्हटले, "तुझा हात?"

तो म्हणाला, "हात हाय की. डोंगर न्यायचा न्हाई ह्या खेपेला, म्हंजे झालं."

ह्या खेपेला तराजू त्यानेच मागून आणला. ओसरीवर एकेक वस्तू तोलली. कपडे आणि पंचा दीड किलो. चादर, कांबळे आणि स्वेटर दोन किलो. हत्यारे आणि पंप दीड किलो. खाणे एक किलो. औषध, साबण वगैरे अर्धा किलो. चप्पल अर्धा किलो. झाले सात किलो. पाणी दोन किलो. एकूण नऊ. आमच्या साध्या सायकलींवर दहा किलोच्या वर ओझे न्यायचे नाही, असे आम्ही ठरवले, आणि ते बरोबर निघाले. पुस्तके आम्ही आपणहून बाजूला काढली.

पाटणच्या पुढे पावसाने झोडपले. रात्री मुक्कामाला आम्ही पडशी सोडली, तर आतले कांबळे कोरडे ठणठणीत. कुंभार्ली घाटात त्या वळणापाशी आम्ही उतरलो आणि सायकली हातात धरून चाललो. कुणी काही बोलले नाही. चिपळूणला एक मुक्काम करून तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गुहागरला पोचलो. व्याडेश्वराचे दर्शन घेतले आणि समुद्रावर गेलो.

तो मुलगा गुडघाभर पाण्यात जाऊन बराच वेळ उभा राहिला. मग डाव्या हाताने पाणी उडवून हसला. आम्ही मात्र काठावरच बसलो होतो. त्या पिशवीबद्दल त्याने आम्हांला तेव्हाही कधी बोल लावला नाही, आणि आजही लावत नाही. म्हणून ती गोष्ट आम्हीच सांगत असतो.

मंडळी, आपले ओझे आपणच वाहतो असे आपल्याला वाटते. पण ते खरे नाही. एकाने फाजील घेतले, की ते दुसऱ्याच्या अंगावर जाते. आणि बहुधा त्याच्या अंगावर, की ज्याला नाही म्हणता येत नाही. तेव्हा सफरीला जरूर निघा. पण आदल्या दिवशी आपले सामान तोला, आणि सोबत्याच्या सायकलीकडेही एकदा पाहा. तिच्यावर आपले काही अडकवलेले असेल, तर काढून घ्या.